चढाला

अंबादास चिलवेरी गाडी ओढून आणत नाही,
चालवत आणतो, तीच पंचाईत.
अक्कलकोट रोडला, आमच्या पत्र्याखाली
ती उभी राहते, साहेब तपासणीला आल्यावर
शाळेत पोरं बसतात तशी.
आवाज एकसुरी, धूर बेताचा.
"इथं काय करत नाही हो, उस्ताद.
तुळजापूरच्या घाटात बघा, दुसऱ्या गिअरला
कशी मरलालीय.
पाय पार फळीला टेकवला तरी
ऐकूच न आल्यासारखं करते."

ऐकू न येण्यावर गैबीसाब उस्ताद हसले. ओठ वाचतात ते.
कान मागांच्या खडखडाटात गेले,
त्यानंतर ते इंजिनांकडे आले.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवतात,
मूठ दातांत धरतात, डोळे मिटतात.
हाडातून येतं म्हणे सगळं.

पंप बरा आहे, म्हणाले.

चिलवेरीला हे पटेना.
आसरा चौकातल्याने पंपच सांगितलाय, अठरा हजार.
विजापूर वेशीतल्याने नोझल.
आणि मास्तर असलेल्या मेहुण्याने, विकून टाक.

एअर फिल्टर काढला. उशी भरेल एवढी रुई.
"ही तर सोलापुरात सगळ्यांच्याच छातीत असते,
झटकून बसव."
डिझेल फिल्टर नवाच होता.
टर्बोचा होज मी बोटांनी चाचपला, चीर नाही.
मग डिझेलच्या पाइपाला पारदर्शक नळी जोडून
ती खिडकीतून आत घेतली, माझ्या मांडीवर.
गठ्ठे हौद्यात होतेच. निघालो.

एप्रिल, दुपारचे दोन.
तामलवाडीपर्यंत नळीत डिझेल सलग,
बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं.
घाट लागला. तिसरा. दुसरा.
नळी दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली,
चपटी, उपाशी पोटासारखी,
आणि बुडबुडा एकही नाही.
मी उस्तादांसमोर तोंड नेऊन ओठ हलवले:
हवा नाही. मागून कुणीतरी गळा धरलाय.

गाडी मेली.
मागचे ट्रक हॉर्न मारत राहिले,
उस्ताद निवांत.
चिलवेरीने डबा सोडला,
कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल.
दहा मिनिटं झाली असतील. उगाच किल्ली फिरवली,
तर पहिल्याच सेल्फला चालू.
उस्तादांचं चावणं थांबलं.
"टाकीचं झाकण कधी हरवलं होतं?"

हरवलं होतं. दिवाळीच्या आधी.
महिनाभर फडकं कोंबून चालवली.
एक आत पडलं असेल, कुणी बघितलंय,
दुसरं कोंबलं.

टाकी उतरवली. नटांनी माझी सालं काढली.
तळहाताएवढा टॉवेलचा तुकडा निघाला, काळा,
शोषनळीच्या तोंडाशी.
चढाला इंजिनाने जोरात ओढलं की येऊन चिकटायचा,
इंजिन मेलं की सुटायचा,
निवांत तरंगायचा.

चिलवेरीने तो डिझेलमध्ये खळबळला.
किनार दिसली: दोन हिरवे, मध्ये एक केशरी.
बराच वेळ काही बोलला नाही.
"आमच्या मागावरची आहे.
ही किनार आमच्या अव्वाने बसवलेली,
आमच्याशिवाय कुणाकडं निघत नव्हती."
चार माग किलोच्या भावाने भंगारात गेले,
त्याच पैशाची ही गाडी, हे आम्हाला माहीत होतं.

उस्तादांनी तुकडा बोटांत चोळला.
"वीस नंबर सूत. ताणा चांगला होता तुमचा."

बिल साडेचारशे झालं, नवं झाकण धरून.
त्याने पैसे मोजले, मग विचारलं,
साबण आहे का, कपड्याचा.
कपड्याचा नव्हता. हात धुवायचा होता,
वाळू घातलेला.
चालतो, म्हणाला.